वाचक विचारतात : चंद्र, भरती आणि सतराव्या शतकातला युरोप

गेल्या अंकात गॅलिलिओविषयी लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो : भरती-ओहोटीच्या बाबतीत मात्र गॅलिलिओ चुकला. त्या एका वाक्यावर हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. भरती हा किनाऱ्यावरच्या माणसाचा घरचा विषय असल्यामुळे त्यात नवल नाही. काही वाचकांनी त्याच ओघात त्या काळातले राजे, धर्मपंडित आणि पंचांगे यांविषयीही विचारले आहे. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्याला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या उत्तरांचा धागा तिथूनच निघतो.

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी चालत आली आहे. माझे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, पण तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगत. चंद्राचा आणि पाण्याचा जो संबंध आजोबांना ठाऊक होता, तो गॅलिलिओसारख्या माणसाला ठाऊक नसावा, हे पटत नाही. आपल्या लिहिण्यात काही चूक तर झाली नाही ना?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : चूक झालेली नाही, आणि आपल्या आजोबांचे ज्ञानही खरे आहे. आधी त्यांच्या हिशेबाविषयी लिहितो, कारण आता किनाऱ्यावरच्याच पुष्कळ तरुणांना तो ठाऊक नसतो. अनेक वर्षांपूर्वी मिऱ्याच्या किनाऱ्यावर एका वृद्ध तांडेलांना मी सहज विचारले होते की, परवा पाणी केव्हा भरेल. त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत तिथी मोजली, ‘दशमी येते’ म्हणाले, आणि पुढच्याच श्वासात ‘साडेसात’ असे उत्तर दिले. तिथीची पाऊणपट करायची, एवढीच ती रीत. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. जुन्या शाळांत घोकून घेतलेला पाऊणकीचा पाढा इथे समुद्राला लावलेला आहे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास हा तिचा तोंडी हिशेबाला सोयीचा अंदाज आहे. बंदरागणिक थोडा फरक पडतो, तो त्या त्या गावच्या माणसाला पाठ असतो.

गॅलिलिओला चंद्राची गोष्ट ऐकून माहीत होती. भरतीचा चंद्राशी काही संबंध आहे, असे युरोपातले खलाशी आणि विद्वान जुन्या काळापासून सांगत आले होते. त्याने ती गोष्ट जाणूनबुजून नाकारली. इतक्या दूरचा गोल मधल्या रिकाम्या जागेतून पाणी ओढतो, या कल्पनेला त्याच्या मते ज्योतिष्यांच्या ग्रहबाधेचा वास येत होता, आणि असल्या गूढ शक्तींना निसर्गशास्त्रातून हद्दपार करणे हेच तर त्याने आयुष्यभर चालवलेले काम होते. भरतीचे कारण त्याने डोळ्यांसमोरच्या एका साध्या गोष्टीत शोधले. व्हेनिस शहराला गोडे पाणी पडावांतून आणले जाई. पडाव एकाएकी मंदावला की आतले पाणी पुढच्या टोकाला चढे, वेग वाढला की मागे जाई. आपली होडी धक्क्याला टेकताना तळाशी साचलेले पाणी नाळीकडे कसे धावते, हे आपण हजारदा पाहिले असेल. गॅलिलिओने नेमके तेच पाहिले होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक ठिकाणाचा एकूण वेग दिवसाच्या एका भागात वाढतो आणि दुसऱ्या भागात घटतो. समुद्राचे खोरे म्हणजे तो पडाव, आणि त्यात हिंदकळणारे पाणी म्हणजे भरती, असा त्याचा सिद्धांत. १६१६ च्या जानेवारीत त्याने तो लिहून एका कार्डिनलकडे पाठवला. पृथ्वी फिरते याचा हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे असे त्याला मनापासून वाटत होते. त्याच्या १६३२ च्या ‘संवाद’ ग्रंथाचे नावच भरती-ओहोटीवरून ठेवण्याचा त्याचा बेत होता. ते नाव चर्चच्या परवानगी देणाऱ्यांनी बदलायला लावले.

पण या सिद्धांताप्रमाणे दिवसातून एकच भरती यायला हवी, आणि व्हेनिसला, आपल्या किनाऱ्याप्रमाणेच, दोन येतात. गॅलिलिओला हे ठाऊक होते. त्याने खोऱ्याची लांबी, खोली आणि आकार यांच्यावर भार टाकून दुसऱ्या भरतीची सोय लावली. खोऱ्याच्या आकारामुळे भरतीत फरक पडतो, हे त्याचे म्हणणे निराधार नव्हते. आपल्याकडून उत्तरेला जावे तसे खंभातच्या आखातापर्यंत पाणी अधिकाधिक चढते, त्यामागे किनाऱ्याची आणि तळाची ठेवणच आहे. मुळातले कारण मात्र त्याच्या हातून निसटले. तरीही ज्या माणसाने अरिस्टॉटलला ‘आधी डोळ्यांनी पाहा’ असे सुनावले, त्याने समोर दिसणारी दुसरी भरती समजुतीच्या कोपऱ्यात ढकलली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्याच वेळी जर्मन भूमीत योहानेस केप्लर होता. १६०९ च्या ‘नवे खगोलशास्त्र’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्ट लिहिले की, चंद्र समुद्राचे पाणी ओढतो, आणि पृथ्वीने आपले पाणी धरून ठेवले नसते तर समुद्र उठून चंद्राकडे गेला असता. गॅलिलिओने ‘संवादा’त केप्लरचे नाव घेऊन आश्चर्य व्यक्त केले की, इतक्या मोकळ्या आणि तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाने असल्या पोरकट कल्पनेला कान द्यावा. तोवर केप्लरच्या मृत्यूला एक वर्ष उलटून गेले होते. याच केप्लरची दुसरी गोष्ट या शेजारी ठेवून वाचावी. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्याने वर्षानुवर्षे गणित केले, आणि शेवटी डेन्मार्कचा खगोलनिरीक्षक टायको ब्राहे याच्या निरीक्षणांशी आठ कलांचा फरक राहिला. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे हे अंतर. दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. केप्लरने ते सोडले नाही. दोन हजार वर्षे पवित्र मानलेले वर्तुळ त्याने सोडले, आणि त्यातून लंबवर्तुळ हाती आले.

आपल्या आजोबांच्या पाऊणकीमागचे कारण १६८७ साली न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’त पहिल्यांदा नीट मांडले गेले. चंद्राच्या बाजूचे पाणी चंद्राला जवळ असते म्हणून पृथ्वीच्या मध्यापेक्षा थोडे जास्त ओढले जाते, आणि पलीकडच्या बाजूचे पाणी दूर असते म्हणून थोडे कमी. त्यामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, आणि फिरणारी पृथ्वी दिवसात दोनदा आपल्याला त्यांच्याखालून नेते. सूर्यही ओढतो, पण त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात येते तेव्हा भांगाचे पाणी. आग्नेय आशियातल्या टोंकिनच्या किनाऱ्यावर एका ठिकाणी दिवसातून एकच भरती येते, अशी एका खलाशाची नोंद न्यूटनपर्यंत पोहोचली होती. नियमात न बसणारी ही नोंद त्याने लपवली नाही. वेगवेगळ्या वाटांनी, काही तासांच्या अंतराने येणाऱ्या दोन भरत्या एकमेकींना कसे झाकतात, हे दाखवून त्याने ती पुस्तकातच उलगडली.

आणखी एक तपशील आपल्यासारख्या मासेमारीच्या घरात आवडेल. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८६ मध्ये माशांच्या इतिहासावर एक भारी सचित्र ग्रंथ छापला, तो खपला नाही आणि संस्थेची तिजोरी रिकामी झाली. न्यूटनच्या पुस्तकाला पैसे उरले नाहीत, म्हणून खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने पदरचा खर्च करून ते छापून घेतले. त्याच्या स्वतःच्या पगाराची वेळ आली तेव्हा संस्थेने त्याला पैशांऐवजी माशांच्या त्याच पुस्तकाच्या प्रती दिल्या. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याला ‘प्रिन्सिपिया’ची प्रत पाठवताना हॅलीने सोबत जे टिपण जोडले, त्यात भर दिला होता तो भरती-ओहोटीवर. जेम्स पूर्वी आरमाराचा प्रमुख होता. ग्रहांच्या कक्षांपेक्षा बंदरातले पाणी त्याला लवकर कळेल, हे हॅलीने बरोबर ओळखले होते.

प्रश्न : मी नववीच्या मुलांना इतिहास शिकवते. गॅलिलिओचा खटला म्हणजे विज्ञान विरुद्ध धर्म, असे मी आजवर शिकवत आले. आपल्या लेखानंतर मनात शंका आली आहे. मुलांना नेमके काय सांगावे?
— एक शिक्षिका, मालवण

उत्तर : मुलांना खटला जसा झाला तसाच सांगावा, त्यातली क्रूरता कमी करून सांगू नये. २२ जून १६३३ रोजी रोममध्ये सत्तरीला टेकलेल्या गॅलिलिओला गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे आपले मत चूक असल्याची शपथ वाचावी लागली, आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षे, तो नजरकैदेत राहिला. ज्या पोप आठव्या अर्बनच्या काळात हे झाले, तो पोप होण्यापूर्वी आणि नंतरही काही काळ गॅलिलिओचा चाहता होता. सत्ता दुखावली की स्नेह किती टिकतो, हेही मुलांना कळावे.

मात्र दोन पक्ष आखून एकात शास्त्रज्ञ आणि दुसऱ्यात धार्मिक माणसे बसवली की चित्र खोटे पडते, कारण बहुतेक नावे दोन्हीकडे लिहावी लागतात. १६१५ मध्ये कार्डिनल बेलार्मिनने लिहिलेल्या पत्राचा आशय असा आहे की, पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळाला तर धर्मग्रंथातल्या वचनांचा अर्थ आपल्याला फार जपून लावावा लागेल. पण तो पुरावा समोर येईपर्यंत मी मानणार नाही. याच बेलार्मिनने १६१६ मध्ये गॅलिलिओला ताकीद दिली. पुरावा मागणे गैर नव्हते. पुरावा शोधण्याची वाटच हुकमाने बंद करणे गैर होते, आणि चर्चने त्या वर्षी तेच केले. गॅलिलिओच्या बाजूने पाहिले तर त्याने ज्या भरतीवर भिस्त ठेवली ती चुकीची निघाली, आणि पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीचा थेट पुरावा ताऱ्यांच्या निरीक्षणातून मिळाला तो १७२८ मध्ये, सर्व पक्षकार जाऊन कित्येक वर्षे लोटल्यावर. स्वतः गॅलिलिओ शेवटपर्यंत श्रद्धाळू कॅथलिक होता.

केप्लरचे उदाहरण मुलांच्या मनाला अधिक भिडेल असे मला वाटते. धर्मोपदेशक व्हायचे म्हणून तो शिकायला गेला आणि ग्रहांच्या गतीत त्याने जन्मभर देवाची रचनाच शोधली. कॅथलिक होण्यास नकार दिला म्हणून १६०० मध्ये त्याला ग्रात्स शहर सोडावे लागले. पुढे लिंत्सला त्याच्याच ल्यूथरपंथीयांनी, एका मतपत्रावर पूर्ण सही करीना म्हणून, त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. ऑगस्ट १६२० मध्ये तिला अटक झाली. चौदा महिने ती कैदेत होती, साखळीने बांधलेली, आणि कबुली दे म्हणून तिला छळाची हत्यारे दाखवण्यात आली. तिने कबुली दिली नाही. केप्लर आपले काम बाजूला ठेवून तिच्याकडे गेला, बचावाची कागदपत्रे तयार केली, साक्षीदारांचे एकेक विधान ग्रहाच्या निरीक्षणाइतक्या काटेकोरपणे तपासले, आणि १६२१ मध्ये ती सुटली. सहा महिन्यांत ती वारली. वर्गात हा प्रसंग सांगितला तर पुढे वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

न्यूटनने निसर्गशास्त्रापेक्षा धर्मशास्त्रावर जास्त लिहिले. त्याची धर्मविषयक हस्तलिखिते दहा लाख शब्दांच्या वर भरतात. बायबलच्या अभ्यासातून तो अशा निष्कर्षाला आला की, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीचा सिद्धांत मुळातला नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी, म्हणजे त्रयीच्याच नावाच्या, कॉलेजात राहणाऱ्या माणसाला हे उघड बोलणे परवडणारे नव्हते. दीक्षा घेण्याची सक्ती त्याच्या प्राध्यापकपदाला लागू होऊ नये, अशी सूट १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने दिली, म्हणून तो प्रसंग टळला. त्याने आपले मत जन्मभर मनात ठेवले.

फ्रेंच गणिती पास्काल याच्याविषयी एक गोष्ट सांगून पुढे जातो. हवेला वजन असेल तर डोंगरावर नळीतल्या पाऱ्याची उंची कमी भरली पाहिजे, असा त्याचा तर्क होता. आंबोलीचा घाट चढताना कानांत दडे बसतात ते याच कारणाने. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या मेहुण्याने फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी चढवून नेली आणि पारा सुमारे तीन इंच खाली आला. पण पारा हवामान बदलल्यामुळे उतरला असेल तर? ही शंका उरू नये म्हणून दुसरी नळी पायथ्याच्या मठात ठेवली होती, आणि एक मठवासी साधू दिवसभर तिच्याजवळ बसून पारा हलतो का हे पाहत होता. तो हलला नाही. पुढे २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री पास्कालला जो धार्मिक अनुभव आला, त्याचे टिपण त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवले होते; ते त्याच्या मृत्यूनंतर नोकराच्या हाताला लागले. पारा मोजायला लावणारा आणि ते टिपण छातीशी बाळगणारा, दोन्ही एकच माणूस होता. मुलांना यातला कुठला पास्काल खरा, असे विचारू नये.

प्रश्न : समुद्रापलीकडे मुंबई दिसते तेव्हा मनात येते की, हे बेट एका राजाला लग्नात आंदण मिळाले. त्या काळचे राजे शास्त्रज्ञांना आश्रय देत ते विद्येच्या प्रेमाने की स्वार्थाने?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपण म्हणता तो राजा म्हणजे इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर मुंबई त्याला मिळाली, प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये मिळाला, आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड सोन्याच्या बोलीवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. रॉयल सोसायटीला १६६२ मध्ये सनद देणारा राजा हाच. सनद, नाव आणि मान त्याने दिला. पैसा दिला नाही, म्हणूनच वर लिहिलेली माशांच्या पुस्तकाची गत झाली. १६७५ मध्ये त्याने ग्रीनिचची वेधशाळा बांधायला घेतली ती समुद्रावर जहाजाचे रेखांश कळावेत म्हणून, आणि तिचा सुमारे पाचशे पौंडांचा खर्च खराब झालेली तोफेची दारू विकून भागवला. राजज्योतिषी फ्लॅमस्टीडला उपकरणे स्वतःच्या खिशातून आणावी लागली.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा हात त्या मानाने सैल होता. १६६६ मध्ये त्याने विज्ञान अकादमी स्थापून सभासदांना वर्षासने दिली, हॉलंडचा हॉयगेन्स आणि इटलीचा कॅसिनी यांना पॅरिसला बोलावले. प्रकाशाला वेग असतो हे १६७६ मध्ये रोमरने दाखवले ते पॅरिसमध्येच. याच लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारे नांतचे फर्मान रद्द केले. लाखो माणसे देश सोडून गेली, त्यांत कारागीर होते तसे गणितीही होते. दुसऱ्या देशांतली विद्वान माणसे पैसे मोजून आणायची आणि घरची हाकलायची, यापेक्षा मोठा तोटा कुठल्या राजाने स्वतःहून करून घेतला असेल असे मला वाटत नाही. केप्लरला तर तीन सम्राटांकडून पगार येणे होता. १६३० मध्ये येणी वसूल करण्यासाठी तो रेगेन्सबुर्गला गेला आणि तिथेच तापाने वारला.

तेव्हा माझे उत्तर असे की, बहुतेकांचा हेतू प्रतिष्ठा आणि आरमार हाच होता. एक नाव मात्र वेगळे ठेवावे लागते, आणि ते गादीवर बसलेल्या राजाचे नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ ही दुसऱ्या चार्ल्सची आत्तेबहीण. तिच्या वडिलांनी १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत राज्य गमावले आणि ती हॉलंडमध्ये विस्थापित म्हणून वाढली. १६४३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारले की, आत्म्याला आकार नाही, लांबी-रुंदी नाही, तर तो जड शरीराला ढकलतो कसा? ढकलायला स्पर्श लागतो, आणि स्पर्शाला पृष्ठभाग लागतो. देकार्तने उत्तर दिले; तिने नम्रपणे, पण ठामपणे कळवले की, मला हे पटलेले नाही. पुन्हा उत्तर आले, पुन्हा पटले नाही. त्या काळी देकार्तच्या विचारातली सर्वांत कच्ची जागा इतक्या नेमकेपणाने कुणीच दाखवली नव्हती. देकार्तने तिचे ऋण मानले आणि १६४४ चा आपला ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ तिला अर्पण केला. दुसऱ्या बाजूला स्वीडनच्या क्रिस्तीना राणीने त्याला स्टॉकहोमला बोलावून ऐन हिवाळ्यात पहाटे पाचला शिकवायला लावले, आणि ११ फेब्रुवारी १६५० रोजी तो फुप्फुसाच्या दाहाने गेला.

एलिझाबेथने पुढे लग्न केले नाही. १६६७ मध्ये ती हेरफोर्डच्या प्रोटेस्टंट मठाची प्रमुख झाली आणि छळ होणाऱ्या पंथांना तिने तिथे थारा दिला. तिच्याच भावाने, जर्मनीतल्या पॅलॅटिनेट संस्थानाच्या अधिपतीने, १६७३ मध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझाला हायडेलबर्गला प्राध्यापक होण्याचे निमंत्रण पाठवले. हा तोच स्पिनोझा, ज्याला १६५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने वाळीत टाकले होते आणि जो भिंगे घासून पोट भरत होता. निमंत्रणात प्रस्थापित धर्माला धक्का लावू नये अशी अपेक्षा होती. त्या धक्क्याची सीमा कुठे सुरू होते ते मला ठाऊक नाही, असे सांगून स्पिनोझाने पद नाकारले. एलिझाबेथची धाकटी बहीण सोफी हिने जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सला जन्मभर आधार दिला. राज्य गेलेल्या या एका घराण्याने विचारवंतांना जितके मनापासून ऐकून घेतले, तितके गाद्यांवरच्या राजांनी क्वचितच घेतले असेल.

प्रश्न : गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असे वाचले होते, दुसऱ्या पुस्तकात न्यूटनचे जन्मवर्ष पुढचे दिले आहे. खरे कोणते?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही खरे, कारण पंचांगे दोन होती. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग कॅथलिक देशांनी घेतले. प्रोटेस्टंट इंग्लंडने ते १७५२ पर्यंत घेतले नाही. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या जुन्या पंचांगाने २५ डिसेंबर १६४२, नव्याने ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओचा मृत्यू नव्या पंचांगाने ८ जानेवारी १६४२. दोन्ही तारखा एकाच पंचांगात मांडल्या की ते योगायोगाचे वाक्य टिकत नाही. हे अंतर आपल्या किनाऱ्यावरही होते : पोर्तुगीजांच्या वसईत आणि गोव्यात एक तारीख, इंग्रजांच्या मुंबईत दहा दिवस मागची. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या जुन्या पंचांगाची आहे. जुने कागद वाचताना लिहिणारा कोणत्या राजाचा चाकर होता, हे आधी पाहावे.

प्रश्न : हे सारे युरोपात घडत असताना आपल्या किनाऱ्यावर त्याचा काही मागमूस होता का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होता, आणि तो आपल्या गावापासून फार दूर नव्हता. धर्माच्या बाजूने फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आधी घ्यावे लागेल. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना राहणे कठीण झाले, तेव्हा हा विल्टशरचा तरुण रोमला जाऊन जेझुइट या कॅथलिक संघाचा साधू झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरला. चाळीस वर्षे इथे राहून त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, आणि १६१६ मध्ये ते राशोलला रोमन लिपीत छापले गेले. त्याच वर्षी मार्च महिन्यात रोमने, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकसचे पुस्तक थांबवले होते. स्टीफन्स ज्या गोव्यात लिहीत होता तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून बसलेले होते आणि देवळे पाडली गेली होती, हे त्याची ओवी वाचताना मी विसरू शकत नाही. त्याचे मराठीवरचे प्रेमही मला नाकारता येत नाही. एका परक्याने आपली भाषा इतकी जीव लावून शिकावी, याचे अप्रूप मला शाळेत वाटले होते, तेच आजही वाटते.

शास्त्राच्या बाजूने १६१८ हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी चीनला निघालेल्या जेझुइटांची एक तुकडी गोव्यात उतरली. त्यांच्याजवळ दुर्बीण होती, आणि त्यांच्यात योहान श्रेक होता, जो गॅलिलिओ ज्या ‘लिंचेई’ अकादमीचा सभासद होता तिचाच सभासद. १६१८ च्या अखेरीस आकाशात जे धूमकेतू दिसले, त्यांचे वेध याच तुकडीतल्या किर्विट्झर या साधूने गोव्यातून घेतले, आणि ती निरीक्षणे १६२० मध्ये युरोपात छापली गेली. त्याच धूमकेतूंवरून गॅलिलिओचा रोमच्या जेझुइट गणित्यांशी कडाक्याचा वाद जुंपला. या वादात धूमकेतू चंद्रापलीकडचे आहेत असे म्हणणारे जेझुइट सत्याच्या अधिक जवळ होते. त्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याच्या बंदरावर पहाटे जागा असलेल्या कुणाही खलाशाला ती शेपटी दिसली असणार.

श्रेक पुढे चीनला पोहोचला. चिनी पंचांगाच्या सुधारणेसाठी त्याला ग्रहणांचे अचूक गणित हवे होते. त्याने गॅलिलिओकडे मागणी केली. तिकडून मदत मिळाली नाही. १६२३ मध्ये त्याने चीनमधून लिहिलेले पत्र काही वर्षांनी फिरत फिरत केप्लरच्या हाती पडले. एक कॅथलिक साधू विचारत होता आणि कॅथलिकांनी गावाबाहेर काढलेला ल्यूथरपंथी उत्तर लिहीत होता. केप्लरने प्रत्येक शंकेला सविस्तर उत्तर दिले, ग्रहणांच्या गणितासाठी आपली नवी कोष्टके वापरावीत असे सुचवले, आणि ते उत्तर १६३० मध्ये छापून निघाले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात श्रेक पेकिंगला वारला, आणि नोव्हेंबरात केप्लर.